निव्वळ वजन

आठ ते सहा ओस्तवालांच्या डाळ मिलच्या काट्यावर.
तुरीचे ट्रक भरून येतात, रिकामे जातात.
भरल्यातून रिकामं वजा केलं की उरतं ते निव्वळ.
खाली सही माझी.
ड्रायव्हर उतरला तरी लाल आकडे
थरथरत राहतात थोडा वेळ,
वीस किलो इकडे, दहा तिकडे,
मग ठाम.
ठाम झाल्याशिवाय मी चिठ्ठी छापत नाही.
बारा वर्षांत नोकरीनं शिकवलं ते एवढंच.

साडेनऊला मुश्ताकभाईचा जिना.
खाली टायरचं दुकान, वर तीन टेबलं,
रबराचा वास थेट पत्र्यापर्यंत.
मे महिन्यात कापड असं वाळतं
की पांढरा बॉल थांबायचं विसरतो.
कोपऱ्यातलं टेबल माझं, कारण ते कुणालाच नको.
त्याचा एक पाय आखूड.
मीच खाली कोंबल्यात काट्याच्या रद्द चिठ्ठ्या,
एमएच एकोणीस, तूर, सतरा टन चारशे,
चार-चार घड्या घालून.
तरी उतार उरतोच,
डाव्या कोपऱ्याकडे, केसभर.
तो केस मी मनगटात मुरवून घेतला.

वैजयंता ताट झाकून झोपते.
एकदा जागी होती. म्हणाली, जिंकला तर काय देतात?
मी आकडा सांगितला.
तिनं अंधारात बसभाडं वजा केलं,
लॉज, जेवण, दोन बिनपगारी दिवस,
क्यूची नवी टिप.
"म्हणजे निव्वळ काहीच नाही."
खरं तर काट्यावर तिला बसवायला हवं.

शनिवारी अर्धी रजा. बऱ्हाणपूरमार्गे इंदूर.
हॉलमध्ये एसी, स्वेटर घातलेली पोरं,
एकेकाच्या बॅगेत तीन-तीन क्यू.
बंगळूरचा एक, बाविशीचा, रोज सात तास खेळणारा,
त्यानं विचारलं, आप कहाँ खेलते हो?
मी म्हटलं, काँटे पे हूँ.
त्याला ते क्लबचं नाव वाटलं.

रविवारी रात्रीपर्यंत पाच मॅच मारल्या.
सेमीफायनल सोमवारी अकराला.
सोमवारी आठला पहिला ट्रक.
लॉजच्या गॅलरीतून सुकदेवला फोन लावला.
तो झोपेतच म्हणाला,
"काटा काय पयी जाई ऱ्हायना का? खेय तू, भाऊ."

समोर तोच पोरगा.
आठ-आठ. शेवटचा रॅक.
टेबलावर नऊ नंबर एकटा, डाव्या कोपऱ्यापासून दीड हात.
सावकाश ढकलायचा बॉल,
मुश्ताकभाईकडे डोळे मिटून मारतो तसला.
मी वाकलो. थांबलो.
आकडे ठाम झाले, श्वास ठाम झाला,
आणि हातानं सवयीनं
केसभर जागा सोडली उतारासाठी.

इंदूरच्या टेबलाला उतार नव्हता.
बॉल मी पाठवला तिथेच गेला, अगदी तिथेच.
कोपऱ्याच्या ओठाला लागून उभा राहिला.
पोरानं तो टाकला, मग माझा हात धरला.
त्याचा हात थंडगार होता.

मंगळवारी आठला काट्यावर.
शेठनी एक दिवस कापला. दुपारी केबिनमध्ये विचारलं,
"कितवा?"
तिसरा.
"किती जणांत?"
एकशे अठ्ठावीस.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं,
नंतर अकोल्याचा भाव विचारला.

चार वाजता धुळ्याचा ड्रायव्हर चिठ्ठी घेताना म्हणाला,
"हाई निळं काय लागनं रे तुना बोटले?"
रंग, मी म्हटलं.
"घर रंगाडी ऱ्हायना?"
हो.

रात्री आखूड पायाखालच्या चिठ्ठ्या
सगळ्या उपसल्या. काही पिवळ्या पडलेल्या,
काहींवरचं वजन उडून गेलेलं.
पुन्हा रचल्या, वर आजची एक घडी घालून.
मुश्ताकभाई शटर अर्धं ओढून उभा.
पांढरा बॉल मधोमध ठेवला
आणि बोट काढून घेतलं.
दोघंही बघत राहिलो.

अजून जरा डावीकडेच.